ताप गेला, जंतु राहिले

श्रोतेहो, रोग म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें रोगी उभा राहतो. अंग तापानें फणफणलेलें, उशाशीं औषधाची बाटली, आणि दाराशीं काळजींत पडलेलीं घरचीं माणसें. रोगाची बाधा व्हावयाची ती अशा माणसाच्या जवळ गेल्यानें, त्याचें उष्टें खाल्ल्यानें, त्याच्या अंथरुणा-पांघरुणाला हात लावल्यानें, असें आपण धरून चालतों. ही समजूत चुकीची नाहीं. परंतु ती अपुरी आहे. कांहीं रोग असे आहेत कीं ते देणारा मनुष्य स्वतः धडधाकट असतो. तो चारचौघांत वावरतो, पोटभर जेवतो, वेळेवर कामाला जातो, आणि आपल्या पोटांत एका जुन्या दुखण्याचे जंतु अद्यापि नांदत आहेत, हें त्याचें त्यालाहि ठाऊक नसतें. अशा माणसाला आपण रोगवाहक म्हणूं. आज मला बोलावयाचें आहे तें या रोगवाहकाविषयीं, आणि त्यांतहि विषमज्वराच्या वाहकाविषयीं. विषमज्वर म्हणजे ज्याला घरोघर टायफॉइड म्हणतात आणि आपल्या आज्या-पणज्या ज्याला मुदतीचा ताप म्हणत असत, तोच ताप.

विषमज्वराचा जंतु ज्या कुळांतला आहे त्याचें नांव साल्मोनेला. त्या नांवावरून साल्मन माशाची आठवण होते. पण माशाचा येथें कांहीं संबंध नाहीं. डॅनियल साल्मन नांवाचे एक अमेरिकन पशुवैद्य होते. त्यांच्या हाताखालीं थिओबाल्ड स्मिथ काम करीत असतां, १८८५ सालीं, डुकरांच्या एका सांथीचा तपास चालला होता आणि त्यांत या कुळांतला एक जंतु हातीं लागला. पुढें १९०० सालीं कुळाचें नामकरण झालें तें मात्र वरिष्ठांच्या नांवानें. कचेऱ्यांचा हा रिवाज सर्व देशांत सारखाच दिसतो! गंमत अशी कीं, डुकरांची ती सांथ या जंतूची नव्हतीच, ती एका विषाणूची होती, असें मागाहून सिद्ध झालें.

या कुळाचे आज अडीच हजारांहून अधिक प्रकार ओळखले गेले आहेत. आपल्या कामापुरते त्यांचे दोन गट केले तरी पुरे. पहिला गट जनावरांचा. कोंबड्या, बदकें, गुरें, डुकरें, कासवें यांच्या आतड्यांत हे जंतु राहतात आणि मांस, अंडीं, न तापविलेलें दूध यांच्यावाटें माणसाच्या पोटांत येतात. सहा तासांपासून तीन दिवसांच्या आंत जुलाब, पोटांत मुरडा व ताप सुरू होतो, आणि बहुतेकांचा आजार आठवड्याभरांत निभावून जातो. यांतील एका प्रकाराची रीति मोठी चमत्कारिक आहे. तो कोंबडीच्या अंडाशयांतच जाऊन बसतो. मग अंड्याचें कवच वरून कितीहि स्वच्छ असलें तरी जंतु आंतच असतात. कोंबडी मात्र टुणटुणीत. म्हणजे रोगवाहक ही गोष्ट केवळ माणसांतलीच नव्हे. ब्रिटनमध्यें १९८८ सालीं एडविना करी या मंत्रीणबाई देशांतील बहुतेक अंड्यांच्या धंद्याला या जंतूची बाधा झाली आहे असें बोलून गेल्या, आणि त्या वादळांत त्यांना आपलें पद सोडावें लागलें. पुढें कोंबड्यांनाच लस टोंचण्याचा उपक्रम तेथें सुरू झाला आणि तो आजार पुष्कळच हटला.

दुसरा गट अगदीं लहान, पण फार घातक. त्यांत विषमज्वराचा जंतु आणि त्याचे भाईबंद पॅराटायफॉइडचे जंतु. विषमज्वराच्या जंतूला माणसाखेरीज दुसरें घर नाहीं. तो गाईंत नाहीं, कोंबडींत नाहीं, उंदरांतहि नाहीं. पाण्यांत आणि अन्नांत तो कांहीं काळ तग धरतो, पण त्याचें खरें बिऱ्हाड माणसाच्या शरीरांतच. येथेंच एक कोडें निर्माण होतें. एखाद्या गांवांत ताप येतो, कांहीं माणसें दगावतात, बाकीचीं बरीं होतात, आणि ताप निघून जातो. पुढें तीन-चार वर्षें एकहि रोगी नाहीं. बाहेरगांवाहून कोणी आजारी मनुष्य आलेला नाहीं. आणि एके दिवशीं ताप पुन्हां उद्भवतो. मग मधल्या काळांत हा जंतु होता तरी कोठें?

जुन्या पिढीचें उत्तर होतें, दूषित हवेंत. घाणीच्या वाफा उठतात आणि त्यांतून ताप आपोआप जन्माला येतो, असें भलेभले डॉक्टर मानीत. या मताला मोठा धक्का दिला तो विल्यम बड या इंग्रज डॉक्टरानें. डेव्हन परगण्यांतील नॉर्थ टॉटन या आपल्या गांवीं १८३९ सालीं ताप आला तेव्हां कोणत्या घरांतून तो कोणत्या घरांत गेला, याचा माग त्यानें माणसागणिक काढला. खेडेगांवच्या डॉक्टराला एक सोय असते. तो सर्वांना नांवानिशीं ओळखतो. रोगाचें विष रोग्याच्या आतड्यांत तयार होतें आणि त्याच्या मलावाटें पाण्यांत व दुसऱ्याच्या तोंडांत जातें, हा त्याचा निष्कर्ष १८७३ सालच्या त्याच्या पुस्तकांत सविस्तर आला. त्या वेळीं जंतु कोणीं पाहिलेलाहि नव्हता. तो एबर्थ यांना १८८० सालीं सूक्ष्मदर्शकाखालीं दिसला, आणि १८८४ सालीं गाफ्की यांनीं तो प्रयोगशाळेंत वाढवून दाखविला.

बडच्या शोधानें रोग्यापासून निरोग्याकडे जाणारी वाट दिसली. परंतु रोगीच नसतां रोग येतो कोठून, याचा उलगडा विसाव्या शतकाच्या आरंभीं झाला. रॉबर्ट कॉख यांच्या प्रेरणेनें १९०२ च्या पुढें जर्मनीच्या नैऋत्य भागांत घरोघर तपासणी सुरू झाली. ताप येऊन बरीं झालेलीं माणसें तपासलीं, त्यांच्या शेजारचीं तपासलीं, आणि असें आढळलें कीं कित्येक बऱ्या झालेल्या माणसांच्या मलांत महिनोन्महिने, वर्षानुवर्षें जंतु पडतच राहतात. आपल्या देशांतहि हा शोध लौकर पोंचला. इंग्रजी फौजेंत हा ताप गोऱ्या शिपायांचा काळ ठरला होता. तापांतून उठलेल्या शिपायांना नैनितालसारख्या ठिकाणीं ठेवून, त्यांच्या मलमूत्राची पुनः पुनः परीक्षा करण्याचें काम कसौलीच्या संशोधनसंस्थेच्या डॉक्टरांनीं केलें, आणि त्याचा अहवाल १९०८ सालीं प्रसिद्ध झाला.

आतां हा जंतु शरीरांत राहतो कसा, तें पाहूं. तोंडावाटें तो जठरांत जातो. तेथील आम्लांत पुष्कळसे जंतु मरतात. उरलेले लहान आतड्यांत उतरतात. आतड्याच्या भिंतींत ठिकठिकाणीं शरीराच्या पहारेकऱ्यांच्या चौक्या असतात. बाहेरून काय आलें आहे याची चांचणी घेतां यावी म्हणून या चौक्यांचीं दारें किंचित् उघडीं ठेवलेलीं असतात, आणि विषमज्वराचा जंतु नेमका त्याच दारांतून आंत शिरतो. पांढऱ्या पेशी त्याला गिळून टाकतात. इतर बहुतेक जंतूंचा तेथें निकाल लागतो. हा मात्र पेशीच्या पोटांत बसून वाढतो, आणि त्याच पेशींबरोबर यकृत, प्लीहा आणि हाडांतील मज्जा येथवर जाऊन पोंचतो. चोरानें शिपायाच्याच गाडींत बसून गांवभर हिंडावें तसा हा प्रकार आहे. बहुधा एक ते दोन आठवडे, कधीं त्याहूनहि अधिक काळ, माणसाला कांहीं कळत नाहीं. मग जंतु मोठ्या संख्येनें रक्तांत उतरतात आणि ताप रोज एक पायरी चढूं लागतो.

यकृतांत पित्त तयार होतें आणि तें पित्ताशय नांवाच्या एका लहानशा पिशवींत सांठतें. आपण तुपातेलाचें कांहीं खाल्लें कीं ही पिशवी आकसते आणि पित्त आतड्यांत सोडते. पित्त हें साबणासारखें आहे. तें चरबी विरघळवितें आणि पुष्कळ जंतूंना मारतेंहि. विषमज्वराच्या जंतूला मात्र तें मानवतें. यकृतांतून तो पित्ताशयांत येतो, तेथें वाढतो, आणि पित्ताबरोबर पुन्हां आतड्यांत येतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यांत आतड्याला व्रण पडतात, क्वचित् भोंकहि पडतें, तें या दुसऱ्या फेरींत. पूर्वीं या रोग्याला आठवडेच्या आठवडे पेजेवर ठेवीत असत, तें या भयानेंच.

ताप उतरला म्हणजे बहुतेकांच्या शरीरांतून जंतूंचें कांहीं आठवड्यांत उच्चाटन होतें. कांहींच्या मलांत ते दोन-तीन महिने येत राहतात. परंतु शंभर रोग्यांत सुमारें दोन ते पांच जण असे निघतात कीं त्यांच्यांत जंतु वर्ष उलटलें तरी टिकून असतात. हे कायमचे वाहक. यांत पुरुषांपेक्षां स्त्रिया अधिक, आणि तरुणांपेक्षां उतारवयाचीं माणसें अधिक. याचें कारण पित्ताशयांतील खडे. ज्यांना खडे असण्याचा संभव जास्त, त्यांच्यांतच वाहक जास्त. मोरीची फरशी नुसत्या पाण्यानें धुतली तरी तिच्यावर बुळबुळीत थर राहतो. बादलीभर पाणी ओतलें तरी तो हलत नाहीं. तसाच एक थर हे जंतु पित्ताच्या खड्यांवर तयार करतात आणि त्याच्या आड दडून राहतात. पित्त वाहून जातें, औषध येऊन जातें, थर तसाच. त्यांतून मधून मधून जंतु सुटतात आणि आतड्यांत उतरतात. काठमांडू येथें पित्ताशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया झालेल्या हजारांहून अधिक रोग्यांचें पित्त तपासलें तेव्हां शेंकडा तीनांहून अधिक लोकांच्या पित्तांत विषमज्वराचे किंवा पॅराटायफॉइडचे जंतु सांपडले. हीं माणसें तापासाठीं रुग्णालयांत आलेलीं नव्हतीं. आणि वाहकांपैकीं सुमारें चौथ्या हिश्श्याला तर आपल्याला कधीं विषमज्वर झाला होता हेंच आठवत नाहीं. कारण तो सौम्यपणें येऊन गेलेला असतो, साधा ताप म्हणून अंगावर काढलेला असतो.

या सर्व प्रकरणांत जिचें नांव जगभर झालें, खरें म्हणजे बदनाम झालें, ती स्त्री म्हणजे मेरी मॅलन. आयर्लंडांतील कुक्सटाउन येथें १८६९ सालीं तिचा जन्म झाला. कोंवळ्या वयांत ती अमेरिकेस गेली आणि घरकाम करतां करतां उत्तम स्वयंपाकीण झाली. न्यूयॉर्कच्या श्रीमंत घरांत तिला मागणी असे. १९०६ च्या उन्हाळ्यांत वॉरन नांवाच्या एका पेढीवाल्यानें लाँग आयलंडवरील ऑयस्टर बे येथें एक बंगला भाड्यानें घेतला होता. ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस त्या घरांतील अकरा माणसांपैकीं सहा जणांना विषमज्वर झाला. वस्ती सधन, बंगला टापटिपीचा. तेथें असला ताप कोणी ऐकिला नव्हता. घरमालकाला धास्ती पडली कीं आतां हा बंगला कोणी भाड्यानें घेणार नाहीं. म्हणून त्यानें जॉर्ज सोपर या आरोग्य-अभियंत्याला तपासाला लावलें.

सोपरनें विहीर पाहिली, गटारें पाहिलीं, दूध पाहिलें. किनाऱ्यावरून येणाऱ्या शिंपल्यांवर त्याचा कांहीं काळ संशय होता. परंतु शिंपल्या तर गांवांतल्या इतरांनींहि खाल्ल्या होत्या. मग त्यानें घरांत नवें माणूस कोणतें आलें तें विचारलें. ताप सुरू होण्यापूर्वीं तीनएक आठवडे, चार ऑगस्टला, नवी स्वयंपाकीण आली होती. आणि ताप आल्यानंतर लौकरच ती सोडून गेली होती. जंतु पोटांत गेल्यापासून ताप चढेपर्यंत लागणारे दिवस मोजले तर हिशेब बरोबर जुळत होता. येथें एक शंका कोणालाहि येईल. स्वयंपाकिणीच्या हातचें अन्न तर विस्तवावर शिजतें, आणि विस्तवापुढें हा जंतु टिकत नाहीं. मग? सोपरनें तिचे पदार्थ विचारले. रविवारीं ती ताजीं पीच फळें कापून त्यांचें आइस्क्रीम करीत असे आणि तें सर्वांना फार आवडे. त्यांत विस्तवाचा संबंध नाहीं; हात मात्र पुष्कळ वेळां लागतात, आणि थंडीनें जंतु मरत नाहींत, ते टिकतात.

सोपरनें तिच्या मागील नोकऱ्यांचा माग काढला. आठ घरांपैकीं सात घरांत विषमज्वर. बावीस रोगी, एक मृत्यु. १९०७ च्या मार्चमध्यें तो तिला गांठून म्हणाला कीं तुझ्यामुळें माणसें आजारी पडतात, तेव्हां तुझ्या मलमूत्राचा व रक्ताचा नमुना मला पाहिजे. ती मांस कापण्याचा मोठा कांटा घेऊन त्याच्या अंगावर धांवली. ही हकीकत सांगतांना लोक हंसतात. पण क्षणभर तिच्या जागीं उभें राहून पाहावें. एक परका पुरुष स्वयंपाकघरांत येतो आणि तिच्यासारख्या ठणठणीत बाईला असें कांहीं सांगतो कीं जें त्या काळच्या बहुतेक डॉक्टरांनींहि ऐकिलेलें नव्हतें. तिची अब्रू, तिची रोजी आणि तिच्या हातचा गुण या तिन्ही गोष्टींवर त्यानें एका वाक्यांत पाणी ओतलें होतें.

पुढें डॉक्टर जोसेफिन बेकर या बाई पोलिसांना घेऊन गेल्या. मेरी कित्येक तास लपून राहिली, सांपडल्यावर झगडली. तिच्या मलांत विषमज्वराचे जंतु विपुल सांपडले. नदींतल्या नॉर्थ ब्रदर बेटावरील रुग्णालयाच्या आवारांत तिला एका घरकुलांत ठेवण्यांत आलें. गुन्हा नाहीं, खटला नाहीं, मुदत नाहीं. १९०९ सालीं तिनें न्यायालयांत दाद मागितली. दोन वर्षांत तिचे १६३ नमुने तपासले होते. त्यांपैकीं १२० मध्यें जंतु होते, बाकीच्यांत नव्हते. तिनें स्वतः एका खासगी प्रयोगशाळेंतून तपासणी करविली तींत जंतु निघाले नाहींत. ती म्हणे, सरकार खोटें बोलतें. डॉक्टर म्हणत, बाई हट्टी आहे. वस्तुतः दोन्ही कागद खरे असूं शकतात. पित्ताशयांतून जंतु रोज सारखे सुटत नाहींत. कधीं झुंडीनें येतात, कधीं आठवडाभर एकहि येत नाहीं. न्यायालयानें तिला सोडलें नाहीं. पित्ताशय काढून टाकावें असें तिला सुचविण्यांत आलें, तेंहि तिनें नाकारलें. आणि त्या काळची ती शस्त्रक्रिया लक्षांत घेतां तिला दोष देतां येत नाहीं.

१९१० सालीं नव्या आरोग्याधिकाऱ्यानें, पुन्हां स्वयंपाकाचें काम करणार नाहीं असें वचन घेऊन, तिला मोकळें केलें. तिला धुलाईचें काम मिळालें. त्यांत पगार कमी. कांहीं काळानें ती दिसेनाशी झाली. १९१५ सालीं न्यूयॉर्कच्या स्लोन या स्त्रियांच्या रुग्णालयांत पंचवीस जणांना विषमज्वर झाला, त्यांतील दोघे दगावले. आणि तेथें ब्राउन या नांवानें स्वयंपाक करणारी बाई मेरी मॅलनच निघाली. तिला बेटावर परत नेण्यांत आलें आणि ११ नोव्हेंबर १९३८ रोजीं मृत्यु येईपर्यंत ती तेथेंच राहिली. दोन्ही खेपा मिळून सव्वीस वर्षें. तिच्या मरणाच्या वेळेपर्यंत त्या शहरांत चारशेंहून अधिक निरोगी वाहकांचा पत्ता लागला होता, पण जन्मभर असें डांबून ठेवलेली ती एकटीच.

माझ्या मतें १९०७ ची मेरी आणि १९१५ ची मेरी यांचा न्याय निरनिराळा केला पाहिजे. पहिलीला कांहीं ठाऊक नव्हतें. दुसरीला पुरतें बजावलेलें होतें, आणि तरी ती बाळंतिणींच्या रुग्णालयांत स्वयंपाकाला उभी राहिली. तिचें समर्थन होऊं शकत नाहीं. परंतु जिचें पोट स्वयंपाकावर होतें तिला स्वयंपाक बंद करतांना तितक्याच मिळकतीचें दुसरें काम देण्याची जबाबदारी कोणीं घेतली? नगराच्या आरोग्यासाठीं एका माणसाच्या रोजीवर बंदी घालावयाची, तर त्या बंदीचा खर्च नगरानें सोसावयास नको काय? तो तेव्हां सोसला असता तर स्लोनचे ते पंचवीस जण कदाचित् आजारी पडलेच नसते.

मेरीची गोष्ट प्रसिद्ध असल्यामुळें वाहक म्हणजे स्वयंपाकीण अशी एक भ्रामक समजूत रूढ झाली आहे. ती दूर करण्यास क्रॉयडनची हकीकत पुरे. लंडनजवळच्या या गांवीं १९३७ च्या शरदांत विषमज्वर उसळला. ३४१ माणसें आजारी पडलीं आणि ४३ दगावलीं. तपासांत निघालें तें असें. पाणीपुरवठ्याच्या एका खोल विहिरीची दुरुस्ती चालू होती आणि मजूर आंत उतरून काम करीत होते. त्यांपैकीं एक जण जुना वाहक होता. तेवढ्यानें हाहाकार झाला नसता. परंतु काम चालू असतां विहिरीचें पाणी गांवाला सोडणें चालूच ठेवलें होतें, आणि तें गाळण्याचें व त्यांत क्लोरीन घालण्याचें मात्र थांबविलें होतें. त्या मजुराला आपण वाहक आहों हें ठाऊक नव्हतें. पाणी गाळणें बंद आहे हें मात्र कोणाला तरी ठाऊक होतें.

याच्या उलट बाजूची गोष्ट चिली देशाच्या सांतियागो शहराची आहे. १९७० ते १९९० या काळांत तेथें विषमज्वर ठाण मांडून बसला होता. पाण्याचे नळ बऱ्यापैकीं शुद्ध, तरी ताप हटेना. शहरांत वाहकांची संख्या पंचवीस हजारांच्या घरांत असावी असा संशोधकांचा अंदाज होता. इतक्या माणसांना शोधावयाचें कसें आणि शोधून करावयाचें काय? पण शहराचें सांडपाणी जवळच्या भाजीच्या मळ्यांना मिळत होतें, आणि कच्च्या खाण्याच्या पालेभाज्या त्यावरच वाढत होत्या. १९९१ सालीं कॉलऱ्याच्या भयानें सरकारनें असल्या पाण्यावर भाजी पिकविण्यास बंदी केली. कॉलरा तर रोखला गेलाच; पण विषमज्वरहि झपाट्यानें खालीं आला. ते हजारों वाहक शहर सोडून कोठें गेले नव्हते. ते तसेच बाजारांत हिंडत होते, घरीं स्वयंपाक करीत होते. त्यांच्या आतड्यापासून दुसऱ्याच्या ताटापर्यंतची मुख्य वाट तेवढी बुजली होती.

आतां वाहक ओळखावयाचा कसा? विडाल यांच्या नांवाची रक्ताची चांचणी १८९६ पासून चालत आली आहे. ती तापाच्या निदानालाहि फारशी भरंवशाची नाहीं. वाहक ओळखण्याला तर ती निरुपयोगीच. मलाची जंतुपरीक्षा हाच मुख्य मार्ग, आणि तीहि एकदां करून चालत नाहीं. मेरीचे ते कागद आठवावे. निरनिराळ्या दिवशींचे निदान तीन नमुने लागोपाठ निर्दोष निघाले तर कांहीं बोलतां येतें.

उपचाराचीहि हकीकत अशीच आहे. १९४८ सालीं क्लोरॅम्फेनिकॉल हें औषध विषमज्वरावर लागू पडतें असें दिसून आलें, आणि तीन-चार आठवड्यांचा ताप आठवड्याच्या आंत उतरूं लागला. पण तें औषध घेऊन बरे झालेल्यांतहि वाहक निघत राहिले. पुढें निघालेल्या औषधांनीं, तीं चार आठवडे किंवा त्याहून अधिक काळ घेतलीं तर, बऱ्याच वाहकांची सुटका होते. पण खडे असतील तर यश कमी, आणि मग पित्ताशय काढण्याचा विचार करावा लागतो. हीं औषधें डॉक्टरांच्या देखरेखीखालींच घ्यावयाचीं असतात. जनावरांच्या गटांतले जंतु पोटांत गेले असतां झालेल्या साध्या जुलाबांत तर जंतुनाशक औषधानें कधीं कधीं उलटा परिणाम होऊन जंतु आतड्यांत अधिक दिवस रेंगाळतात. शिवाय औषधांना न जुमानणाऱ्या जाती आतां निपजल्या आहेत. सिंधमधील हैदराबाद येथें २०१६ सालीं विषमज्वराची जी सांथ उठली, तींतील जंतु बहुतेक सर्व नेहमींच्या औषधांना पुरून उरला. दुकानांतून आपल्याच मनानें गोळ्या आणून दोन दिवस खाण्याची जी शहरी संवय आहे, ती अशा जातींना खतपाणी घालते.

हें सर्व ऐकून कांहीं गृहिणींच्या मनांत पहिला विचार येईल तो पोळ्या करावयास येणाऱ्या बाईंचा. तिची तपासणी करून घ्यावी काय? श्रोतेहो, थोडा विचार करावा. उतारवयाची स्त्री, पित्ताशयांत खडे, लहानपणीं केव्हां तरी येऊन गेलेला मुदतीचा ताप: हें वर्णन त्या बाईंपेक्षां घरांतल्या आजींना अधिक लागू पडण्याचा संभव आहे, आणि नातवाला हातानें भरवितात त्या आजीच. पोळीला तर तव्याची आंच लागते. ज्या घरांत संशय फक्त मोलकरणीवर जातो आणि तिला हात धुवावयाला साबण मात्र दिला जात नाहीं, त्या घराची स्वच्छता वरवरची. सोवळ्याविषयींहि एक शब्द बोलावासा वाटतो. सोवळ्यानें स्पर्शास्पर्श पाळला जातो. पण शौचानंतर नुसत्या पाण्यानें खळबळलेला हात सोवळें नेसल्यानें शुद्ध होत नाहीं.

खरी काळजी घ्यावयाची ती शिजविल्यानंतर हात लागणाऱ्या, किंवा मुळींच न शिजविलेल्या पदार्थांची. कोशिंबीर, वाटलेली चटणी, कापून ठेवलेलीं फळें, गार केलेलें दूध, बर्फ. शिळें अन्न शीतकपाटांत ठेवलें म्हणजे जंतु मेले असें कित्येकांस वाटतें. ते तेथें नुसते गारठून बसतात. अंडें पिवळा बलक घट्ट होईपर्यंत उकडावें, आणि कच्चें मांस ज्या पाटावर कापलें त्यावर लगेच काकडी चिरूं नये. हात धुण्याविषयीं तर मास्तर म्हणून बोलण्याचा माझा थोडा अधिकार आहे. मधल्या सुटींत मुलांना रांगेनें नळाशीं उभें केलें कीं निम्मीं मुलें बोटांचीं टोकें भिजवून पळत. हात भिजविणें आणि हात धुणें हीं दोन कामें निराळीं आहेत. साबण, नखें, बोटांच्या बेचक्या, आणि स्वच्छ कोरडें फडकें. ओट्यावर दिवसभर लोंबणारें ओलें फडकें धुतलेल्या हातांना पुन्हां पूर्वस्थितीवर आणून ठेवतें.

लशीची गोष्ट आतां पुष्कळ सुधारली आहे. १८९६ च्या सुमारास आल्मरॉथ राइट यांनीं केलेली पहिली लस फौजेसाठीं होती आणि ती टोंचल्यावर चांगलाच ताप येई. हल्लींची नवी लस लहान बालकांनाहि देतां येते आणि एका टोंचणीनें कित्येक वर्षें संरक्षण मिळतें. हैदराबादेस तयार होणाऱ्या अशा लशीला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाल्यानंतर, २०१८ सालीं, नवी मुंबई महानगरपालिकेनें नऊ महिन्यांपासून चौदा वर्षांपर्यंतच्या एक लाखाहून अधिक मुलांना ती टोंचली. सार्वजनिक मोहीम म्हणून ही लस देण्याचा तो जगांतला पहिला प्रसंग. मात्र ज्याच्या पित्ताशयांत जंतु आधींच वस्तीला आहेत त्याला ही लस मोकळें करूं शकत नाहीं. आज चाळिशींत असलेला वाहक पुढें तीस वर्षें वाहक राहूं शकतो. शिवाय पुष्कळ वर्षें जंतु बाळगणाऱ्यांना पित्ताशयाच्या कर्करोगाचा धोका इतरांहून अधिक असतो, असें दिसून आलें आहे. तेव्हां ही तपासणी केवळ शेजाऱ्यांच्या हितासाठीं नव्हे.

म्हणून घरांत कोणाला विषमज्वर होऊन गेला असेल तर ताप उतरल्यानंतर कांहीं आठवड्यांनीं मलाची परीक्षा निरनिराळ्या दिवशीं तीनदां करून घ्यावी, आणि तोंवर त्या व्यक्तीनें दुसऱ्यांसाठीं कोशिंबीर कालवूं नये कीं पंगतींत वाढूं नये. पुढें केव्हां तरी तिच्यावर पित्ताच्या खड्यांची शस्त्रक्रिया ठरली, तर तो जुना ताप डॉक्टरांना आठवणीनें सांगावा. काढलेल्या पित्ताशयांतील पित्ताची जंतुपरीक्षा त्या वेळीं सहज करतां येते. तें एकदां बादलींत गेलें म्हणजे मग कांहीं कळावयाचें नाहीं.